हरिसिंगाचा परवाना

दसरा उलटला, ओढ्यानाल्यांचे पाणी ओसरले आणि वाटा वाळल्या, की आमची आजी ठगांच्या गोष्टी काढी. माजघरात फराळाचे तळण चाललेले असे. आम्ही पोरे चुलीपासून हातभर अंतरावर दाटीवाटीने बसलेलो असू. आजीच्या गोष्टीतला ठग एखाद्या सावकाराच्या पाठीमागे रुमाल चाचपीत बसे. 'तमाखू खा' एवढी खूण झाली, की सावकार संपला! आमच्या अंगावर काटा उभा राही. मग गोष्टीच्या शेवटी घोड्यावरून एक गोरा साहेब येई, साऱ्या ठगांना दोरखंडांनी बांधून नेई आणि मुलखातल्या वाटा निर्धास्त होत. आम्हीही निर्धास्त होऊन करंज्यांकडे वळत असू.

आज मी सत्तरी ओलांडली आहे. हीच गोष्ट मी माझ्या मुलांना सांगितली, नातवंडांनाही सांगितली. परंतु ती सांगताना आपण एका माणसाला सोयीस्करपणे गाळतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. ठग गोष्टीत आहे, सावकार आहे, साहेबही आहे. कचेरीत लेखणी घेऊन बसलेला, ज्याच्या सहीने कोण साव आणि कोण चोर हे ठरते, तो माणूस मात्र गोष्टीत कुठेच नाही. माझे भांडण त्याच्याशी आहे. दिवाळीच्या दिवसांत भांडण काढू नये हे मला कळते. पण घर झाडायचे दिवसही हेच असतात.

दूर जायला नको. माझ्या हिंगोलीचीच हकीकत सांगतो.

कयाधूच्या काठचे हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे निजामाच्या फौजेची मोठी छावणी होती. फौज निजामाची, हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची आणि खर्च रयतेच्या माथी, असा तो मामला होता. या साऱ्या कंटिन्जंट फौजेचा खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात जाई. त्याच थकबाकीपायी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. एवढ्या खर्चाची फौज मुलखात शांतता राखण्यासाठी आहे, असे सांगितले जात असे. आणि ती राखीतही होती! १८१९ साली नौसाजी नाईक या हटकर नाईकाने मान वाकविली नाही, तेव्हा याच निजामाच्या फौजेने इंग्रज सेनानीच्या हाताखाली त्याच्या गढीला वेढा घातला आणि ती घेतली. ज्याच्या हाती उघडा भाला होता, त्याच्यापुढे तोफा उभ्या राहिल्या.

आता ज्याच्या हाती कापडाचे ठाण होते, त्याचे काय झाले ते ऐका.

हिंगोलीच्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. मोठा अब्रूदार माणूस. गोऱ्या अधिकाऱ्यांची त्याच्याकडे ये-जा होती, देणेघेणे होते. या मुलखाचा मुलकी कारभार तेव्हा कॅप्टन रेनॉल्ड्स पाहत असे. एके दिवशी हरिसिंगाने त्याच्याकडे अर्ज केला, की मुंबईहून काही कापड आणावयाचे आहे, तरी राहदारीचा परवाना मिळावा. अब्रूदार माणसाला नाही कोण म्हणणार? परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून येत होते. पण ते हरिसिंगाचे नव्हते. हिंगोलीपासून जवळच्याच एका गावचा व्यापारी आपला माल घेऊन निघाला होता आणि त्याची बित्तंबातमी हरिसिंगाला होती. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला मारले, त्याच्या नोकरांना मारले, बैल हाकणाऱ्यांनाही मारले. मग तो सगळा माल सरकारी परवान्याच्या जोरावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उजळ माथ्याने विकला. साहेबलोकांपैकी कोणाच्या अंगावर त्या कापडाचा सदरा चढला असेल, कोण जाणे!

ही दंतकथा नव्हे. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही १८३९ साली निघालेली कादंबरी लिहिणारा फिलिप मेडोज टेलर निजामाच्याच फौजेत अधिकारी होता. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने ही हकीकत नोंदविली आहे. इतरांप्रमाणे आपलाही हरिसिंगाशी व्यवहार होता, हे त्याने लपविलेले नाही. तो पुढे सांगतो ते याहून भयंकर आहे. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर वारांच्या आत, भर बाजारात, हरिसिंगाच्या टोळीने माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे वारांवर ती पुरली. पुढे माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवू लागले आणि ते खड्डे उकरले गेले, तेव्हा टेलर स्वतः तेथे हजर होता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते होती. आणि कापडाची भानगड उघडकीस आली ती तरी कशी? कोणी तपास लावला म्हणून नव्हे. पकडला गेल्यावर हरिसिंगाने स्वतःच ती एक गंमत म्हणून सांगितली!

वाचक म्हणतील, एका अधिकाऱ्याची फसगत झाली, त्यात एवढे काय? रेनॉल्ड्स नालायक नव्हता. ठगांच्या बंदोबस्ताच्या कामात पुढे त्याचे नाव अग्रभागी आहे. पण फसगत त्याची एकट्याची नव्हती. ज्याच्या नावाचा डंका आजीच्या गोष्टीत वाजतो, तो कर्नल स्लीमन १८२२ ते १८२४ या काळात नरसिंगपूरचा मुलकी अधिकारी होता. त्यानेच पुढे लिहून ठेवले, की माझ्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची टोळी राहत होती, आणि सागर-भोपाळच्या वाटेवर एका मजलेच्या अंतरावरील मंडेसूरच्या आमराया म्हणजे ठगांचे एक मोठे मारणस्थळ होते. पण मला त्याचा पत्ता नव्हता. त्याने हे कबूल केले, हा त्याचा मोठेपणा. पण हिंगोलीला पाचशे वार आणि नरसिंगपूरला चारशे यार्ड, ही दोन अंतरे शेजारी ठेवून पाहा. न्यायाधीशाची दृष्टी अधू नव्हती. गढीतला नाईक तिला कोसावरून दिसे आणि शेजारचा शेटजी दिसत नसे. दृष्टी कोठे फिरवायची हे आधीच ठरलेले होते.

हे कशाने ठरले? कारभाराने ठरले. पेशकार चंदुलालच्या अमदानीत तालुके इजाऱ्याने दिले जात. ज्याची बोली मोठी, त्याच्या हाती वसुली. वसुलीबरोबर बंदोबस्त आणि न्यायही त्याच्याच हाती. ज्याने कर्ज काढून तालुका घेतला आहे, तो वाटेवर मेलेल्या परक्या वाटसरूसाठी कशाला झुरेल? १८२० नंतर रेसिडेंट मेटकाफने जिल्ह्यांवर इंग्रज देखरेखदार नेमले. १८२९ साली नवा निजाम गादीवर येताच ते काढून घेण्यात आले. टेलर तेव्हा राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसाच्या कामावर होता. वाटेवर सापडणाऱ्या प्रेतांचा छडा लावण्याच्या तो बेतात होता, तोच त्याला पलटणीत परत बोलाविण्यात आले. याची हळहळ त्याने आपल्या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे.

गावाची जुनी व्यवस्था या मुलखात होती. चोरी झाली की गावचा जागल्या चोराचा माग काढी. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला, की तो पुढे काढण्याची किंवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्या गावावर पडे. ही रीत चोराला जरब बसविणारी होती. पण ती गावच्या माणसासाठी होती. वाटसरूला गाव नसते. तो मारला गेला तर त्याचा माग काढा म्हणून चावडीवर ओरडणारे कोणी नसते. शिवेवर बेवारशी प्रेत निघाले, तर सरकारात कळविणाऱ्याच्याच गळ्यात चौकशीचे लोढणे पडण्याची धास्ती. तेव्हा मुकाट्याने माती लोटावी आणि रामराम म्हणावा, यातच शहाणपण! ठगांचा रुमाल जेवढ्या गळ्यांभोवती पडला, तेवढ्यांच्या मरणात या शहाणपणाचा वाटा आहे.

हा रोग आपल्याकडचाच, असे मानून मात्र कोणी सुस्कारा सोडू नये. त्याच काळात खुद्द इंग्रजांच्या शेजघरी, आयर्लंडात, काय चालले होते पाहा. तेथे गावचा मॅजिस्ट्रेट बहुधा जमीनदारच असे. ज्याच्या खंडापायी कूळ नागवले, त्याच्याच पुढे त्या कुळाने न्याय मागायचा! मग रात्री तोंडे झाकून हिंडणाऱ्या टोळ्या निघाल्या, गोठे पेटले, खून पडले, आणि साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. सरकारने उपाय काय केला? १८१४ साली रॉबर्ट पीलने नवे पोलीस उभे केले, १८२२ साली कॉन्स्टॅब्युलरी आली. अशांत ठरविलेल्या भागात सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्या माणसाला पंचांवाचून चौकशी करून सात वर्षे काळ्या पाण्यावर धाडण्याची सोयही कायद्याने करून ठेवली. जमीनदाराचा खंड जागच्या जागी राहिला. रात्री बाहेर पडणे हा मात्र गुन्हा झाला. ही चाल लक्षात ठेवा, कारण तीच पुढे आपल्या अंगणात आली.

हरिसिंगासारखे लोक पकडले गेले, काही फासावर चढले, काही जन्मठेपेवर गेले. त्याबद्दल मला काडीचेही दुःख नाही. ठग नव्हतेच, साहेबांनी सारे बनविले, असे म्हणणाराही एक पंथ अलीकडे निघाला आहे. त्यांनी हिंगोलीच्या त्या उकरलेल्या खड्ड्यांपाशी उभे राहून तसे म्हणून दाखवावे. माणसे मेली होती. प्रश्न असा आहे, की त्या खड्ड्यांतून सरकार कोणता धडा शिकले? खरा धडा अगदी साधा होता: अब्रूदाराची अब्रू पाहून सही करू नका, माल कोणाचा आहे ते विचारा. परंतु हा धडा घ्यायचा, तर कचेरीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागले असते. म्हणून दुसराच धडा घेतला गेला. १८३६ साली कायदा झाला, की अमुक माणूस कधी काळी ठगांच्या टोळीत होता एवढे शाबीत झाले, तरी त्याला सक्तमजुरीची जन्मठेप. त्याने काय केले ते शाबीत करायला नको. तो कोणातला आहे एवढे पुरे. आणि गंमत अशी, की ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती.

एकदा 'कोणातला' हा प्रश्न कायद्यात शिरला, की तो तेथेच थांबत नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आता टोळी नको, साक्षीदार नको, गुन्हाही नको. आईच्या पोटातून बाहेर पडताच पोर गुन्हेगार! जमातीची नोंदवही, पोलिसापुढे हजेरी, आणि ठरविलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे तर हातात पास. येथे जरा थांबा आणि हिंगोलीच्या बाजाराची आठवण करा. खुन्याच्या खिशात परवाना होता, म्हणून तो व्यापारी ठरला. हातावर पोट घेऊन हिंडणाऱ्याच्या खिशात पास नव्हता, म्हणून तो चोर ठरला. कागद तोच आणि सही करणारा हातही तोच!

आमचा जिल्हा तांड्यांचा आहे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हिंदुस्थानभर पोचविणारे, फौजांना रसद देणारे लभाण हे आमचेच शेजारी. सडका झाल्या, आगगाडी आली, बैलांचे तांडे बसले. ज्यांची रोजी सरकारच्या सुधारणेने गेली, त्यांनाच ठिकठिकाणी गुन्हेगारांच्या यादीत टाकण्यात आले. आज महाराष्ट्रात विमुक्त म्हणून ज्या १४ जाती मोजतात, त्यांत बंजारा आहेत, कैकाडी आहेत, वडार आहेत, पारधी आहेत, गावाची राखण करणारे रामोशीही आहेत. राखणदार तो चोर आणि वाहतूक करणारा तो लुटारू! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. देश १९४७ साली सुटला, आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला, आणि या माणसांची बेडी आणखी पुढे निघाली. कागदावरची, असे मी म्हणतो. कारण पुढची गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची आहे.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आमचा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. सुगीनंतर गावातल्या एका शेतकऱ्याचे ज्वारीचे पेव रातोरात उपसले गेले. गावाच्या शिवेवर एका फासेपारध्याचे पाल होते. नवरा-बायको, दोन लेकरे, एक गाय. पाल धुंडाळले, तर गाडग्यात दीड-दोन शेर ज्वारी निघाली. ती त्यांना भिक्षेत मिळाली होती. आमच्याच आईने त्यात पसाभर घातली होती. पण पारध्याला चावडीच्या खांबाला बांधले. आम्ही पोरे पाहायला गेलो. त्याची बायको ओरडत नव्हती, हे मला अजून आठवते. ती एकेका माणसाच्या तोंडाकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. पंच म्हणून माझ्या वडिलांची सही झाली.

पंधरवड्याने ती ज्वारी गावातल्याच एका भल्या घरच्या कोठीत सापडली. ओरड झाली नाही. चार जाणती माणसे बसली, ज्वारी परत गेली, आणि 'घरची गोष्ट घरात' असे ठरले. पंचनामा फाडायला कोणी गेले नाही. पारधी सुटून आला असेल-नसेल. पाल पुन्हा आमच्या शिवेवर पडले नाही. पुढे मोठेपणी मी वडिलांना विचारले, "दादा, तुम्ही सही का केलीत?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सही करायला कोणी विचारत नाही रे. कागद पुढे येतो." माझे वडील सज्जन होते. रेनॉल्ड्सही सज्जन असेल. सज्जनांच्या सहीशिवाय असे कागद पुरेच होत नाहीत.

हे सारे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन अलीकडच्या गोष्टी सांगतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी, मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी पोरे पळविणारे असल्याच्या अफवेवरून पकडले गेले आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेचून मारले गेले. कचेरीत, वाचकहो! जेथे वाटसरूने आसरा मागायचा, त्याच छपराखाली. दुसरी गोष्ट ३ ऑक्टोबर २०२४ ची. तुरुंगांच्या नियमांतून जातीवरून कामे वाटणारी कलमे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांशी जोडणारे उल्लेख सर्वोच्च न्यायालयाला त्या दिवशी काढून टाकावे लागले. म्हणजे कायदा रद्द झाल्याला ७२ वर्षे होऊन गेली, तरी त्याचे भूत नियमांच्या पुस्तकांत सुखाने नांदत होते.

कोणी विचारील, मग चोराला मोकळा सोडायचा का? मुळीच नाही. चोरी झाली तर माग काढावा, आणि तो जेथे जाईल तेथवर काढावा. वाड्याचा दिंडीदरवाजा आला म्हणून थांबू नये, एवढेच माझे म्हणणे. संशयिताकडून किंवा सराईत म्हटलेल्याकडून चांगल्या वर्तनाचा मुचलका घेण्याचा अधिकार आजही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे पुष्कळदा आपल्या तहसीलदारालाच, कायद्याने दिलेला आहे. त्या अधिकाराला माझी हरकत नाही. पण त्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या माणसाने काय केले म्हणून मी हे लिहितो आहे, की हा कोणातला आहे म्हणून? हाच प्रश्न पोलीस पाटलाने विचारावा, पंचाने विचारावा, आणि शिवेवर पाल दिसताच दाराला कडी घालणाऱ्या आपण साऱ्यांनी विचारावा.

यंदाही दसऱ्यानंतर वाटा वाळल्या आहेत, आणि शिवेशिवेवर पाले पडू लागली आहेत. नातवंडे फराळ करताना गोष्ट मागतील. मी त्यांना ठगांचीच गोष्ट सांगणार आहे. पण या वेळी ठगाच्या हाती नुसता रुमाल नसेल, परवानाही असेल. आणि तो परवाना कोणी दिला, हे सांगितल्याशिवाय मी गोष्ट पुरी करणार नाही. त्यातच चावडीच्या खांबाची हकीकतही येईल, आणि सही कोणाची होती तेही येईल. आमच्या घरातली ही एक गोष्ट आजवर झाडायची राहून गेली होती.